जोखमीचे रूपांतर : तळोजा येथील अमोनियाच्या निमित्ताने

परदेशांशी व्यापार करणाऱ्या कंपन्यांच्या जोखमीचा विषय वाणिज्याच्या अभ्यासक्रमात बहुधा विनिमय दराच्या प्रकरणापासून सुरू होतो आणि वायदा करारांच्या प्रकरणापाशी संपतो. त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनावर असा ठसा उमटतो की, जोखीम हा एक रोग असून बाजारात त्यावर औषधे मिळतात. योग्य औषध योग्य मात्रेत घेतले की रोग गेला. या समजुतीची तपासणी करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : आंतरराष्ट्रीय व्यवहारातील जोखीम क्वचितच नाहीशी होते. ती एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते, अथवा एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. म्हणून व्यवस्थापकाने स्वतःला विचारावयाचा प्रश्न दुहेरी आहे. कोणत्या रूपातील जोखीम आपल्याला पेलेल? आणि उरलेली ज्याच्यावर सोपवली त्याला ती पेलेल काय?

या प्रतिपादनाच्या पुष्ट्यर्थ आम्ही मुख्यतः रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यातील तळोजा औद्योगिक क्षेत्राचे उदाहरण घेतले आहे. रसायने, रंगद्रव्ये, अभियांत्रिकी माल आणि गोठविलेली मासळी यांचे कारखाने येथे एकमेकांच्या शेजारी उभे आहेत. न्हावा-शेवा बंदर येथून दूर नाही. येथील कित्येक कारखान्यांचा कच्चा माल समुद्रमार्गे येतो आणि पक्का माल समुद्रमार्गे जातो. जगाच्या दुसऱ्या टोकाला घडलेल्या घटनेचा धक्का येथील हिशेबवहीला कसा बसतो, हे पाहण्यास याहून सोयीचे ठिकाण सापडणे कठीण.

१. जोखमी हुंडी

विषयाचा आरंभ परकीय ग्रंथांपासून करण्याचे कारण नाही. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांत 'जोखमी हुंडी' नावाचा एक व्यवहार पूर्वी रूढ होता. जहाजावर माल चढविणारा व्यापारी, माल ज्याच्याकडे जावयाचा त्याच्यावर हुंडी लिही, आणि ती सराफास विकून पैसे तत्काळ हाती घेई. साध्या हुंडीहून तिचा विशेष हा की, माल बंदरात सुखरूप पोहोचला तरच ती वटे. जहाज बुडाले तर हुंडी धारण करणाऱ्याचे पैसेही त्याबरोबर बुडत. अर्थातच सराफ अशा हुंडीवर नेहमीपेक्षा अधिक कसर कापून घेई. ही अधिक कसर म्हणजेच आजच्या भाषेत विम्याचा हप्ता. भांडवलाची उचल, रकमेचे स्थलांतर आणि मालाचा विमा या तीन गोष्टी एकाच कागदात सामावलेल्या होत्या.

या व्यवहारात जहाज बुडण्याची शक्यता तसूभरही कमी झाली नाही, हे ध्यानात ठेवावे. व्यापाऱ्याची जोखीम सराफाकडे गेली, इतकेच झाले. मग समाजाचा लाभ काय झाला? व्यापाऱ्याचे सर्वस्व एका जहाजात असे. सराफाजवळ मात्र अनेक जहाजांवरील हुंड्या असत. शिवाय कोणत्या ऋतूत समुद्र कसा असतो, कोणता तांडेल भरवशाचा आहे, हे त्याला ठाऊक असे. जोखीम अशा माणसाकडे गेली, जो ती जोखू शकत होता आणि पेलूही शकत होता. 'जोखणे' म्हणजे तोलणे. ज्याच्या हाती ताजवा आहे, त्याच्याकडे जोखीम जावी, हे या जुन्या व्यवहारातील तत्त्व आहे. आणि पुढील सर्व उदाहरणांना आम्ही हीच कसोटी लावणार आहोत.

२. विनिमय दर आणि त्यावरील उपाय

तळोजा येथील रंगद्रव्यांचा एक काल्पनिक कारखानदार डोळ्यांपुढे आणू. त्याने परदेशी ग्राहकास एक लाख डॉलरचा माल विकला असून पैसे ९० दिवसांनी मिळावयाचे आहेत. आजचा दर डॉलरमागे ८५ रुपये आहे असे समजू. तीन महिन्यांनी रुपया वधारून दर ८२ झाला, तर त्याचे तीन लाख रुपयांचे नुकसान होईल. आणि रंगद्रव्यांच्या धंद्यात एवढे अंतर पुष्कळदा संपूर्ण नफा खाऊन टाकते. म्हणून तो बँकेशी वायदा करार करतो व ९० दिवसांनंतरचा दर आजच ठरवून घेतो.

हा वायदा दर कसा ठरतो, याविषयी विद्यार्थ्यांत नेहमी गैरसमज आढळतो. तो बँकेने वर्तविलेले भविष्य नव्हे. भारतात व्याजाचा दर वार्षिक साडेसहा टक्के आणि अमेरिकेत साडेचार टक्के धरला, तर तीन महिन्यांचा वायदा दर सुमारे ८५ रुपये ४२ पैसे येतो. दोन देशांच्या व्याजदरांतील अंतराखेरीज त्यात दुसरे काही नाही. म्हणून वायद्याचा दर प्रत्यक्ष दरापेक्षा अधिक दिसला, एवढ्यावरून 'बाजाराला रुपया घसरेल असे वाटते' हा निष्कर्ष काढू नये.

करार झाला. जोखीम गेली काय? ग्राहकाने पैसे दिलेच नाहीत असे समजू. कारखानदार बँकेला एक लाख डॉलर देण्यास तरीही बांधलेला आहे. ते त्याला त्या दिवशीच्या बाजारभावाने खरेदी करून द्यावे लागतील, अथवा करार मोडून फरक सोसावा लागेल. म्हणजे विनिमय दराची जोखीम ग्राहकाच्या भरवशाच्या जोखमीत रूपांतरित झाली. ग्राहकाची पत जोखणे हे मुंबईतील बँकेचे काम नव्हे, आणि तळोजातील कारखानदारालाही ते फारसे साधत नाही. याच अडचणीसाठी भारत सरकारने ३० जुलै १९५७ रोजी मुंबईत निर्यात जोखीम विमा महामंडळ स्थापन केले. तीच संस्था आज ईसीजीसी या नावाने ओळखली जाते. देशोदेशींच्या ग्राहकांची माहिती एका ठिकाणी गोळा करावी, ग्राहकाची दिवाळखोरी आणि त्याच्या देशातील युद्ध, आयातबंदी अथवा चलनबंदी अशा दोन्ही प्रकारच्या आपत्तींचा विमा उतरवावा, अशी तिची रचना आहे. नुकसानीचा काही हिस्सा मात्र निर्यातदाराकडेच ठेवला जातो. त्याचे कारण उघड आहे. संपूर्ण नुकसान दुसऱ्याने भरावयाचे ठरले, तर ग्राहक पारखून घेण्याची निर्यातदाराला गरजच उरणार नाही.

दुसरी बाब मात्रेची. आपला कारखानदार त्याच तीन महिन्यांत साठ हजार डॉलरचा कच्चा माल आयात करीत असेल, तर त्याची खरी उघडी रक्कम एक लाख नसून चाळीस हजार डॉलर आहे. आवकजावकीचे डॉलर परस्परांना सांभाळून घेतात. तो फुकटचा बचाव आहे. चाळीस हजारांच्या जागी त्याने एक लाखाचा वायदा केला, तर उरलेले साठ हजार हा बचाव नसून सट्टा होय. ही मर्यादा ओलांडल्याचे परिणाम आपल्या देशाने पाहिले आहेत. २००७ साली रुपया वधारून दर डॉलरमागे ४० रुपयांच्या खाली आला, तेव्हा घाबरलेल्या अनेक निर्यातदारांनी बँकांशी गुंतागुंतीचे करार केले. त्यांपैकी काहींत त्यांना आरंभी काहीच हप्ता भरावा लागला नाही. कारण नकळत त्यांनी स्वतःच बँकेला विमा विकलेला होता. काही करार तर येन आणि स्विस फ्रँक या चलनांवर आधारलेले होते, ज्यांचा त्यांच्या धंद्याशी संबंध नव्हता. २००८ साली चलने उलट दिशेला गेली आणि मोठी नुकसानी झाली. प्रकरणे न्यायालयांत गेली. एप्रिल २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा व्यवहारांतील नियमभंगाबद्दल १९ बँकांना दंड केला. येथे जोखीम अशा पक्षाकडे गेली, ज्याच्या हाती ताजवाच नव्हता.

३. तळोजा येथील अमोनिया

आता एका मोठ्या आणि खऱ्या निर्णयाकडे वळू. दीपक फर्टिलायझर्स या कंपनीची स्थापना १९७९ साली झाली आणि तळोजा येथे तिने आरंभी अमोनियाचे उत्पादन हाती घेतले. हवेतील नायट्रोजन आणि नैसर्गिक वायूपासून मिळविलेला हायड्रोजन यांच्या संयोगाने अमोनिया तयार होतो. त्यापासून पुढे नायट्रिक आम्ल, खाणकामातील स्फोटकांस लागणारे अमोनियम नायट्रेट आणि मिश्र खते तयार होतात. पुढील उत्पादने वाढत गेली तशी अमोनियाची गरज स्वतःच्या उत्पादनापेक्षा अधिक झाली आणि कंपनीला तो मोठ्या प्रमाणावर आयात करावा लागू लागला.

आयात केलेल्या अमोनियावर चालणाऱ्या कारखान्याची जोखीम कोणती, हे २०२२ साली जगाला दिसले. रशियातील तोल्यात्ती येथून युक्रेनमधील ओदेसा बंदरापर्यंत जाणारी, दोन हजार किलोमीटरहून लांब अशी अमोनियाची नळवाहिनी फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू होताच बंद पडली. युरोपातील वायूचे दर अगोदरच चढलेले असल्यामुळे तेथील अमोनियाचे कारखानेही उत्पादन आखडते घेत होते. अमेरिकेतील टॅम्पा बंदराचा भाव या व्यापारात एक प्रमाण मानला जातो. एप्रिल २०२२ साठी तो टनाला १,६२५ डॉलर ठरला. जुलै २०२३ साठी तोच भाव २८५ डॉलरवर आला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस पुन्हा सहाशेच्या वर गेला. भारतातील आयातभाव यांच्याशी तंतोतंत जुळतात असे नाही; तथापि चढउताराचा अंदाज येण्यास हे आकडे पुरेसे आहेत. पक्क्या मालाची किंमत या वेगाने बदलता येत नाही. मिश्र खतांच्या बाबतीत तर १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या पोषणद्रव्याधारित अनुदानाच्या चौकटीत राहावे लागते.

या स्थितीवर कंपनीने योजिलेला उपाय म्हणजे स्वतःचा अमोनिया स्वतः तयार करणे. चार हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चून उभारलेला, वर्षाला सुमारे पाच लाख टन क्षमतेचा नवा कारखाना तळोजा येथे ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला. कोणत्याही वार्ताहराने याचे वर्णन 'आयातीवरील अवलंबन संपले' असे केले असते. विद्यार्थ्याने मात्र येथे थांबून हिशेब मांडावा.

एक टन अमोनियासाठी सुमारे तीस ते पस्तीस एकके वायू लागतो. एकक म्हणजे येथे दहा लक्ष ब्रिटिश उष्णतामान. वायू एककाला दहा डॉलर दराने मिळाला, तर एका टनामागे तीनशे ते साडेतीनशे डॉलर केवळ वायूवर खर्च होतात. अमोनिया बाजारात १,६२५ डॉलरला असताना हा कारखाना म्हणजे सोन्याची खाण. २८५ डॉलरला असताना तयार करण्यापेक्षा विकत घेणे स्वस्त. कारखाना सुरू झाला तो नेमका दुसऱ्या प्रकारच्या काळात. त्यावरून निर्णय चुकला असे म्हणणे अन्यायाचे होईल. एवढ्या मोठ्या कारखान्याचे आयुष्य दशकांत मोजावयाचे असते, महिन्यांत नव्हे. परंतु जोखमीचे काय झाले, ते स्पष्ट दिसते.

पूर्वी कंपनी अमोनियाच्या भावाला उघडी होती. आता ती अमोनिया आणि वायू यांच्या भावांतील अंतराला उघडी आहे. जहाज वेळेवर न आल्यामुळे पुढील कारखाने बंद पडण्याची भीती कमी झाली, हा निःसंशय लाभ होय. परंतु त्या मोबदल्यात कर्जाचे व्याज आणि घसारा यांचे स्थिर ओझे आले, जे बाजार मंद असला तरी थांबत नाही. डॉलरची जोखीम तर गेलीच नाही, कारण आयात केलेला वायूही डॉलरनेच मोजावयाचा. वायूचा भावही अमोनियाहून कमी चंचल नाही. आशियातील द्रवरूप वायूचा तत्काळ भाव २०२० च्या उन्हाळ्यात एककाला दोन डॉलरच्या आसपास होता, आणि २०२२ साली तो काही काळ सत्तर डॉलरच्याही वर गेला.

शासकीय धोरणाची जोखीम वेगळीच. देशात निघणाऱ्या वायूचे वाटप सरकार ठरविते. या कंपनीस वाटपातून मिळणारा देशी वायू मे २०१४ मध्ये बंद झाला आणि तो वाद न्यायालयापर्यंत गेला. ज्या वायूच्या बळावर कारखाना उभा, त्याच्या पुरवठ्याचा निर्णय कारखान्याच्या हाती नसतो, हे त्यावरून ध्यानात येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने नॉर्वेतील इक्विनॉर या कंपनीशी २०२६ पासून पंधरा वर्षे, वर्षाला साडेसहा लाख टनांपर्यंत द्रवरूप वायू घेण्याचा करार जाहीर केला, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर समजतो. दीर्घ मुदतीच्या कराराने पुरवठ्याची अनिश्चितता कमी होते. उलट अशा करारांत सर्वसाधारणपणे ठरलेला वायू घेण्याचे बंधन ग्राहकावर येते. वायू नको असला तरी पैसे द्यावे लागतात. पुरवठ्याच्या जोखमीचे हे बंधनाच्या जोखमीत झालेले रूपांतर होय.

या सर्व पायऱ्यांवर कंपनीने जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात बांधली नाही. तिने तिचे रूप बदलून घेतले आणि नव्या रूपात ती स्वतःकडे ठेवली. नवे रूप जुन्यापेक्षा सोसवेल काय, हे तिच्या भांडवलावर आणि पुढील दशकांतील भावांवर अवलंबून आहे. परंतु ज्याने निर्णय घेतला तोच परिणाम भोगणार आहे, आणि हा धंदा त्याच्या माहितीचा आहे. आमची कसोटी येथपर्यंत पाळली गेली.

४. दाभोळ : सर्व जोखीम दुसऱ्यावर

याच कोकणात, याच वायूच्या आशेवर उभा राहिलेला दुसरा प्रकल्प याच्या अगदी उलट उदाहरण पुरवितो. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ वीज प्रकल्पासाठी अमेरिकेतील एन्रॉन कंपनीशी १९९२ साली प्राथमिक समझोता झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी वीजखरेदीचा करार झाला. परकीय भांडवलदाराच्या दृष्टीने तो करार जोखीम-व्यवस्थापनाचा आदर्श नमुना म्हणावा असा होता. स्थिर आकार डॉलरशी निगडित, म्हणून रुपया घसरला तर भार मंडळावर. इंधनाचा खर्च दरात समाविष्ट, म्हणून इंधन महागले तर भार मंडळावर. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे देय, म्हणून मागणी कमी पडली तरी भार मंडळावरच. मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्य सरकारची हमी, आणि तिच्यामागे केंद्र सरकारची प्रतिहमी.

कागदावर एकही छिद्र राहिले नव्हते. १९९५ साली सत्तांतर झाल्यावर नव्या राज्य सरकारने करार रद्द केला आणि १९९६ साली नव्या अटींवर तो पुन्हा केला; तथापि जोखमीची वाटणी मूलतः बदलली नाही. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये नाफ्था या इंधनावर सुरू झाला. करार झाला तेव्हा डॉलर सुमारे ३१ रुपयांना होता. २००१ साली तो ४७ च्या घरात गेला. मध्यंतरी तेलाचे भावही चढले. मंडळाचे उत्पन्न मात्र रुपयांत, आणि तेही अशा ग्राहकांकडून, ज्यांचे दर वाढविणे राजकीयदृष्ट्या कठीण. २००० च्या अखेरीपासून बिले थकू लागली. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००१ साली या व्यवहाराची चिकित्सा केली. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबविले आणि प्रकल्प बंद पडला. दुसरा टप्पा जवळजवळ पूर्ण होऊनही सुरू झाला नाही. त्याच वर्षी २ डिसेंबरला एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली, तिची मुख्य कारणे अन्यत्र होती. लवाद आणि विम्याचे दावे पुढे कित्येक वर्षे चालले आणि २००५ साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी स्थापन होऊन प्रकल्प तिच्याकडे गेला.

दाभोळच्या प्रकरणात राजकारणाचा भाग मोठा आहे, हे मान्य. परंतु जोखमीच्या अभ्यासकाने त्यातून घ्यावयाचा धडा निराळा आहे. विनिमय दर, इंधन आणि मागणी या तिन्ही जोखमी अशा एकाच पक्षावर लादल्या गेल्या, जो त्यांपैकी एकही जोखू शकत नव्हता. डॉलर आणि तेल तर एकाच वेळी चढले. करार जितका भांडवलदाराच्या बाजूने घट्ट, तितकी तो मोडण्याची शक्यता अधिक, हे विपरीत गणित कोणी मांडले नाही. पेलणार नाही अशा खांद्यावर टाकलेली जोखीम टाकणाऱ्याकडेच परत येते, आणि येताना अधिक मोठी होऊन येते. जोखमी हुंडी घेणारा सराफ स्वतःच भिकेला लागला असता, तर हुंडीचा कागद व्यापाऱ्याला काय कामाचा?

५. न मोजता येणारे

आतापर्यंत ज्या जोखमींचा विचार केला, त्यांना काही ना काही भाव होता. फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला : जिची शक्यता मोजता येते ती जोखीम, जिची मोजताच येत नाही ती अनिश्चितता. हा भेद न्हावा-शेवा बंदराच्या अलीकडील इतिहासावरून सहज समजतो.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या दोन जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' कलंडली, तिच्यावरील शेकडो मालपेट्या पाण्यात पडल्या, आणि मुंबई व न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस थांबली. अशा अपघाताचा सागरी विमा असतो; त्याची शक्यता पूर्वानुभवावरून ठरविता येते. परंतु २७ जून २०१७ रोजी जे घडले त्याचे काय? युक्रेनमधील हिशेबाच्या एका संगणक-प्रणालीतून शिरलेला विषाणू डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज-कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत पसरला, आणि न्हावा-शेवा येथे त्याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या धक्क्याचे काम विस्कळीत झाले. तळोजातील कोणता निर्यातदार आपल्या जोखमींच्या यादीत युक्रेनमधील हिशेबनिसांची प्रणाली नोंदविणार होता? पुढे मार्च २०२१ मध्ये एका जहाजाने सुएझ कालवा सहा दिवस अडवून धरला. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे युरोपकडे जाणारी बहुसंख्य मालवाहू जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवासाचे दहा-चौदा दिवस वाढले.

अशा घटनांपैकी नेमकी कोणती पुढे घडेल, हे सांगता येत नाही. परंतु काहीतरी घडेल, हे निश्चित सांगता येते. म्हणून येथे कराराचे साधन फारसे उपयोगी नाही. उपयोगी पडते ती शिल्लक : थोडा अधिक साठा, दुसरा पुरवठादार, दुसरे बंदर, बँकेत न वापरलेली पत. चांगल्या वर्षांत ही शिल्लक अपव्ययासारखी दिसते, आणि खर्चकपातीची मोहीम निघाली की प्रथम तिच्यावरच कुऱ्हाड पडते. घरात वर्षाचे धान्य भरून ठेवणाऱ्या गृहिणीला जे कळत होते, ते ताळेबंद वाचणाऱ्यास पुष्कळदा कळत नाही.

६. करारात नसलेला पक्ष

शेवटी एका अशा पक्षाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे, ज्याची सही कोणत्याच करारावर नसते. पुरवठ्याची जोखीम कमी करण्यासाठी अमोनियाचा साठा वाढविला, तर तो साठा कोठेतरी असतो. आणि अमोनिया विषारी आहे. कंपनीच्या वहीत जी जोखीम घटली, तिचा काही अंश शेजारच्या वस्तीकडे सरकला. पूर्वी तळोजाभोवती विरळ गावे होती. नवी मुंबईचा विस्तार आता औद्योगिक क्षेत्राला भिडला आहे, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर ही मेट्रो रेल्वेही सुरू झाली. कासाडी नदीच्या प्रदूषणाविषयी येथील मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये निळ्या झालेल्या भटक्या कुत्र्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली तेव्हा कोठे ती जगाने ऐकली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कारखान्यास टाळे ठोकले.

बहुराष्ट्रीय कंपनीच्या जोखमीचे असे स्थलांतर किती भयंकर होऊ शकते, हे डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळने दाखविले. त्यानंतर आपल्या कायद्याने उलट दिशेने पावले टाकली. दिल्लीतील वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये धोकादायक उद्योगाचे दायित्व निरपवाद ठरविले. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने असे पदार्थ हाताळणाऱ्यांना बाहेरच्या लोकांसाठी विमा उतरविणे सक्तीचे केले. या तरतुदींचा अर्थशास्त्रीय आशय हाच की, शेजाऱ्याकडे सरकविलेली जोखीम पुन्हा मालकाच्या वहीत आणावी. कारण कळ बंद करण्याची किल्ली त्याच्याच हाती असते. नुकसानभरपाई किती आणि केव्हा मिळते, हा प्रश्न अर्थातच उरतो, आणि त्याचे उत्तर समाधानकारक आहे असे म्हणता येणार नाही.

या विवेचनावरून संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास एक कार्यपद्धती सुचविता येईल. एखाद्या कंपनीच्या वार्षिक अहवालात 'अमुक जोखीम दूर करण्यात आली' असे वाक्य आढळले, की तेथे पेन्सिलीने खूण करावी आणि विचारावे : ती आता कोणत्या रूपात आहे? ती कोणाच्या वहीत आहे? तो ती जोखू शकतो काय, आणि वाईट वर्षात पेलू शकतो काय? सही न केलेल्या कोणाकडे तिचा अंश गेला काय? तळोजातील लहान रंगद्रव्य-कारखान्यापासून दाभोळसारख्या प्रचंड प्रकल्पापर्यंत हे प्रश्न सारखेच लागू पडतात. विनिमय दरांची सूत्रे पाठ असूनही ज्याला हे प्रश्न सुचत नाहीत, त्याच्यापेक्षा तो जुना सराफ अधिक जाणता म्हटला पाहिजे. कारण हुंडी हातात घेण्यापूर्वी जहाज कोणाचे आणि ऋतू कोणता, हे तो विचारून घेई.